घरीच शिकणारी सहा पोरं, अकरा गुंठ्यांचं परडं आणि मामांचा डबा

परडं_कोल्हापूर:

गेल्या महिन्यात इथं शेवग्याच्या धाग्यावर बोलता बोलता मी लिहून गेले की आमची पोरं शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात, तर त्यावर एवढे प्रश्न आले, व्यनि म्हणजे खासगी निरोप पण आले, म्हटलं वेगळा धागाच काढूया. शाळा सोडा असं सांगायला मी आलेले नाही हे आधीच लिहिते. बऱ्याच जणींनी विचारलंय की दिवस कसा जातो ते खरं खरं सांगा, तर ते सांगते.

कळंब्याच्या पुढं, जिथं बंगले संपतात आणि ऊस लागतो, तिथं आमचं घर. माणसं बारा. मामा आणि आत्ती म्हणजे माझे सासू-सासरे, आम्ही दोघं, दीर-जाऊ आणि सहा पोरं. माझी चार, थोरली सोळाची, तिच्या पाठचा दादा तेराचा आणि मग जुळ्या मुली नऊच्या. जावेचा मुलगा अकराचा, तो आमचा आप्पा, आणि शेंडेफळ पाच वर्षांची. मामा जिल्हा परिषदेच्या शाळेतून मास्तर म्हणून निवृत्त झाले. आमचे हे मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवतात, दीर फौंड्रीत आहेत. जाऊ बीएस्सी, गणित तिचं. मी दोन-तीन दुकानांचे हिशेब घरी बसून लिहिते.

सुरुवात सात वर्षांपूर्वी झाली. दादा तेव्हा पहिलीत होता, अक्षरं ओळखायचा पण जोडून वाचता येईना, आणि वाचायची वेळ आली की त्याला वर्गाबाहेर उभं करायचे. रोज सकाळी पोट दुखतंय म्हणायचा आणि खरंच दुखायचं त्याचं, उलट्या व्हायच्या. दोन डॉक्टर झाले. शेवटी आम्ही दोघांनी ठरवलं की वर्षभर घरी ठेवूया. हे मामांना सांगायचं म्हणजे माझ्या पोटात गोळा. ज्या माणसानं छत्तीस वर्षं वाड्यावस्त्यांवरून पोरं गोळा करून शाळेत बसवली त्यांना सांगायचं की तुमचा नातू शाळेत जाणार नाही.

मामा एवढंच म्हणाले, "शाहू महाराजांनी १९१७ साली ह्याच करवीरात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोरगं शाळंत नाही घातलं तर आईबापाला महिन्याला एक रुपया दंड. आणि आता माझ्या घरातनंच पोरगं काढायचं?" त्यानंतर चार दिवस ते जेवायला बसायचे आणि उठून जायचे, आमच्याशी शब्द नाही. पाचव्या दिवशी बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा घेऊन सोप्यात आले, झाकणाला चीर पाडलेली. म्हणाले, ठेवा घरी, पण दर पहिल्या तारखेला मी पोराला तपासणार. महिन्यात त्याचं काहीच पुढं सरकलं नसलं तर तुम्ही दोघांनी ह्यात रुपया टाकायचा. दंड पोराला नाही, आईबापाला. महाराजांनी तसाच लावला होता.

तो डबा अजून देवळीत आहे. दादानंतर वर्षभरानं थोरली स्वतः म्हणाली मला पण घरी शिकायचंय, मग जावेनं तिचा आप्पा ठेवला, बाकीच्या तिघी तर शाळेत गेल्याच नाहीत. डब्याचा नियम सगळ्यांना.

आता दिवस. सध्या पावसाळा आहे म्हणून पावसाळ्यातलाच सांगते. आत्ती साडेपाचला उठून म्हशीचं बघतात, पोरं सहाला. पहिलं काम गोगलगायी. रात्री आम्ही गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून वाफ्यांच्या मधनं अंथरून ठेवतो, सकाळपर्यंत त्याच्याखाली गोगलगायी येऊन बसलेल्या असतात, त्या चिमट्यानं उचलून साबणाच्या पाण्याच्या बादलीत. हातानं धरायचं नाही ही सक्त ताकीद. मागच्या वर्षी आम्ही आळस केला आणि दोन रात्रीत वांग्या-मिरचीचं सगळं रोप खाल्लं, परत तरवा टाकावा लागला. त्यामुळं ह्या वर्षी जुळ्यांनी मृग लागल्यापासून रोजचा आकडा वहीत लिहिलाय. पहिल्या आठवड्यात रोज शंभराच्या वर होत्या, आता वीस-पंचवीस. दादानं त्याचा आलेख काढून भिंतीवर लावला, आणि मग जुळ्यांचं भांडण लागलं की ह्या आठवड्यात 'रोज किती' असं कुणी विचारलं तर कुठला आकडा सांगायचा, कारण रोज वेगळाच येतोय. जावेनं तिथंच चिखलात उभं राहून सरासरी शिकवली. पुस्तकात तो धडा यायला अजून वेळ होता.

त्यानंतर पाऊस मोजायचा. सरळ बाजूच्या बाटलीला पट्टी चिकटवून मापक केलाय. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हे आप्पाला एकदा कळलं आणि त्यानं घराचं छप्परच मोजून काढलं, ८४ चौरस मीटर भरलं, म्हणजे दहा मिलिमीटर पडला की ८४० लिटर. आमच्या दोन टाक्या हजार-हजार लिटरच्या. आता पाऊस सुरू झाला की तो टाकी किती वाजता भरून वाहील ते सांगायला लागतो आणि पन्हळाला गळती कुठं आहे तेही त्यालाच कळलं, कारण हिशेबापेक्षा पाणी कमी भरत होतं.

साडेआठला भाकरी, नाचणीची नाहीतर ज्वारीची, काहीतरी माळवं परड्यातलं. नऊ ते बारा सोप्यात सतरंजी. हा वेळ मात्र शाळेसारखाच आहे, ते मी लपवत नाही. मामा मराठी आणि इतिहास घेतात, जाऊ गणित-विज्ञान, इंग्रजी माझ्याकडं. सहा पोरं सहा ठिकाणी असतात त्यामुळं मोठ्यानं धाकट्याला सांगायचं ही पद्धत आपोआप पडली, थोरली जुळ्यांचं शुद्धलेखन तपासते, आप्पा शेंडेफळाला मणी मोजायला लावतो. दुपारी जेवण, मग वाचन नाहीतर झोप, चारला परत परडं, साडेपाचला पोरं ग्राऊंडवर फुटबॉलला. कोल्हापुरात फुटबॉल खेळणारं पोर एकटं कसं राहील, ते मला कुणीतरी सांगा. रात्री आठला जेवण, साडेनवाला सगळं शांत.

गुरुवारी पुस्तकं बदलायला करवीर नगर वाचन मंदिरात. १८५० साली सुरू झालेलं वाचनालय आहे, मामा स्वतः शिकत असताना तिथं बसायचे.

दादाचं सांगायचं राहिलं. तो साडेनऊ वर्षांचा होईपर्यंत नीट वाचत नव्हता. त्याच्यापायी आम्ही सलग सात महिने रुपया टाकला आणि एका महिन्यात मी परड्यात जाऊन रडले. पण त्या वर्षी दुधी लागेना. मादी फुलं यायची, खाली बोटाएवढा दुधी पण दिसायचा आणि पिवळा पडून गळायचा. आत्ती म्हणाल्या नजर लागली. दादा दोन-तीन दिवस वेलाखाली बसून राहिला आणि मग येऊन म्हणाला, आई, भोपळ्याचं फूल सकाळी उघडतं तेव्हा माशा असतात, दुधीचं फूल संध्याकाळी उघडतं तेव्हा कुणीच येत नाही. खरंच आहे, दुधीचं पांढरं फूल दिवस मावळताना उमलतं आणि त्याच्यावर रात्रीचे पतंग येतात. आमच्याकडं ते येत नव्हते. मग त्यानं नर फूल तोडून मादी फुलाला लावायचं हे कुठल्यातरी शेतीच्या मासिकात फोटो बघून ओळखलं, आणि खाली काय लिहिलंय ते त्याला हवं होतं. कुणी वाचून दाखवायला रिकामं नव्हतं. सहा ओळी होत्या. त्यानं अख्खी दुपार घालवली, पण वाचल्या. त्या संध्याकाळी त्यानं अकरा फुलांना दोरा बांधून खूण केली, त्यातले आठ दुधी धरले. पहिल्या तारखेला मामांनी पुस्तक न घेता तेच मासिक त्याच्यापुढं ठेवलं.

आता थांबते, शेंडेफळ उठली. विचारा काय विचारायचं ते.

रंकाळ्याचा_वारा:

वाचताना डोळे भरून आले हो. सहा ओळींचं तर मी नवऱ्याला वाचून दाखवलं. पुढचं पण लिहा, आणि परड्यात काय काय आहे ते सांगा ना. अकरा गुंठे म्हणजे केवढं ते शहरात वाढलेल्यांना कळत नाही.

परडं_कोल्हापूर:

एक गुंठा म्हणजे तेहतीस फूट बाय तेहतीस फूट, १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. वर्गसंख्या शिकवायला तेहतीसचा वर्ग आमच्या दारातच आखलाय चुन्यानं.

परडं तीन तुकड्यांत आहे. घरालगत कढीपत्ता, गवती चहा, आळू, जास्वंद, आत्तींची तुळस आणि कोथिंबीर-मेथीचे वाफे, हे आत्तींचं राज्य. मधल्या तुकड्यात माळवं, वांगी, मिरची, भेंडी, गवारी, मांडवावर दोडका, कारलं, दुधी, पडवळ. मागं शेवगा, पपई, केळी, दोन आंबे, एक फणस आणि म्हशीचा गोठा. प्रत्येक पोराला स्वतःचा एक वाफा आहे, त्यात काय लावायचं ते त्यानं ठरवायचं आणि वाळलं तरी आम्ही पाणी घालायचं नाही. जुळ्यांनी एक वर्ष नुसता झेंडू लावला आणि दसऱ्याला विकला, त्या पैशांचा हिशेब अजून संपलेला नाही, कारण बियाणं आणि शेणखताचे पैसे कुणी धरायचे यावर एकमत होत नाही.

उंबराखाली:

कायद्याचं सांगा हो कुणीतरी. माझी बहीण सांगलीला असते, तिला हाच विचार आहे पण घरचे म्हणतात पोलीस येतील.

परडं_कोल्हापूर:

पोलीस कुणी येत नाही ताई. पण नीट सांगते कारण आम्ही हे वाचून बसलोय. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू, सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी. त्याच्या कलम १० मध्ये पोराला जवळच्या शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य म्हटलंय. पण न घातल्यास पालकाला शिक्षा किंवा दंड त्यात ठेवलेला नाही, आणि घरशिक्षण असा शब्दच कायद्यात नाही, ना परवानगी ना बंदी. म्हणजे मोकळं रान आहे असं समजू नका, शाळाबाह्य मुलांचा सर्व्हे करायला बाई आल्या तर त्यांना घरात बोलवून वह्या दाखवायच्या, चहा द्यायचा. आमच्याकडं दोनदा आल्या, दोन्ही वेळा तासभर बसून गेल्या.

दहावीचं थोरली सांगेल, तिनं दिलीय. संध्याकाळी लिहायला सांगते.

खडू_फळा:

मी पन्हाळा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, बावीस वर्षं झाली. ताई, तुमचं लिखाण आवडलं आणि तुमच्या मामांना माझा नमस्कार सांगा, पण मला जे वाटतं ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. तुमच्या घरात सहा मोठी माणसं आहेत, त्यातलं एक मास्तर, एक बीएस्सी. परडं आहे, म्हैस आहे. माझ्या वर्गात अशी पोरं आहेत ज्यांचे आईवडील ऊसतोडीला आलेत, पोर दिवसभर फडात राहिलं तर त्याच्या हातात कोयताच येणार. शाळेतला दुपारचा भात हे काही पोरांचं दिवसातलं पहिलं जेवण असतं. मुलींचं तर विचारूच नका, शाळा सुटली की दोन वर्षांत लग्न. महाराजांनी दंड लावला तो ह्या पोरांसाठी लावला. उद्या गावात कुणी म्हणालं की शिकलेल्या घरची पोरं पण शाळेत जात नाहीत मग आमची कशाला, तर मी त्याला काय उत्तर देऊ? तुमच्या दादाला वर्गाबाहेर उभं केलं ते चुकलंच, त्याची मला शिक्षक म्हणून लाज वाटते. पण त्याचं उत्तर तो वर्ग सुधारणं हे आहे असं मला वाटतं, आणि त्यासाठी तुमच्यासारखे पालक वर्गात पाहिजेत, बाहेर नाही.

घाटमाथा:

गुरुजींना १०० टक्के अनुमोदन.

तांबडी_माती:

गुरुजींचं पटतं पण वर्ग सुधारेपर्यंत पोरानं उलट्या करत थांबायचं का? पोर एकदाच लहान असतं.

परडं_कोल्हापूर:

खडू_फळा गुरुजी, तुमचा प्रतिसाद मी मामांना वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, हा माणूस खरं बोलतोय, त्याला उलट लिहू नको. म्हणून उलट लिहीत नाही. तुमचं म्हणणं मला टोचलंय आणि ते टोचत राहू दे. गावात कुणी विचारलं तर मी काय सांगते तेवढं लिहिते. मागच्या वर्षी आमच्याकडं भांगलायला येणाऱ्या मावशी म्हणाल्या की माझी नात पण तुमच्या पोरांत बसवते, शाळेचा नाद सोडते. मी आणि जावेनं स्पष्ट नाही म्हणून सांगितलं. शाळा सोडायची नाही, शाळा सुटल्यावर चारनंतर ये. ती आता सातवीत आहे, रोज येते, थोरलीबरोबर इंग्रजी करते. मला ह्यात मोठेपणा नको, पण तुमचा मुद्दा आमच्या घरात रोजचा आहे हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं.

पुण्यात_गॅलरी:

मला थोडं वेगळं विचारायचंय. आम्ही तिघंच, फ्लॅट, मुलगा आठ वर्षांचा. दीड वर्ष घरी शिकवलं. सगळं केलं, टाइमटेबल, चार्ट, प्रोजेक्ट, ऑनलाइन क्लास. दिवसभर मी आणि तो, मी सांगायचं आणि त्यानं टाळायचं, संध्याकाळपर्यंत दोघांच्याही डोळ्यांत पाणी. शेवटी परत शाळेत घातला, आता खुश आहे. माझं काय चुकलं असेल असं अजून मनात येतं. तुमच्यासारखी बाग नव्हती म्हणून का?

परडं_कोल्हापूर:

ताई तुमचं काही चुकलेलं नाही, आधी हे मनातनं काढा. पोर खुश आहे ना, मग झालं की.

मी बरेच दिवस ह्याचाच विचार करतेय, तर जमेल तसं लिहिते. आमच्याकडं हे चालतंय ते मी चांगली शिकवते म्हणून नाही. मी एकटी असते तर माझंही तुमच्यासारखंच झालं असतं. आमच्याकडं चालतंय कारण घराला पोरांची गरज आहे. दादा संध्याकाळी वेलावर गेला नाही तर दुधी लागत नाही आणि रविवारी कोरड्यास नसतं. आप्पानं पन्हळाची गळती शोधली नसती तर मे महिन्यात टँकरला पैसे गेले असते. जुळ्यांनी गोगलगायी वेचल्या नाहीत तर वांगी नाहीत. पोराला कळतं हो की हे काम आईनं मला गुंतवायला दिलंय की खरंच माझ्यावाचून अडलंय. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याला नई तालीम मांडली, हाताच्या कामातनं शिक्षण, हे मामा आम्हाला कितीतरी वेळा सांगायचे. मला ते भाषणातलं वाटायचं, गोगलगायींच्या वहीनंतर कळलं.

आणि दुसरं म्हणजे माणसं. माझ्यावर रागावलं पोर तर ते आत्तींकडं जातं, आत्तींनी हाकललं तर गोठ्यात, तिथनं जावेकडं. दिवसभरात एकाच माणसाचं तोंड बघायला लागत नाही. फ्लॅटमध्ये तुम्ही आई पण, मास्तरीण पण, मैत्रीण पण आणि आज्जी पण. कुणालाही झेपणार नाही.

पुण्यात_गॅलरी:

दीड वर्षात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. धन्यवाद. गॅलरीत मिरचीची दोन रोपं आहेत, ती त्याच्याकडंच देते आता पूर्ण.

वारणाकाठ:

शेतकरी माणूस आहे, शिक्षणातलं मला कळत नाही, पण दोडका-कारल्याला फळमाशी लागत असेल तर क्यू-ल्युरचा सापळा लावा, आंब्या-पेरूला वेगळा, मिथाइल युजेनॉलचा. लोक एकच आणून सगळीकडं लावतात आणि मग म्हणतात चालत नाही. पोरांना रोज पकडलेल्या माश्या मोजायला पण होतील. आणि सापांचं काय करता? अकरा गुंठ्यांत केळी, गोठा, शेजारी ऊस, म्हणजे असणारच.

परडं_कोल्हापूर:

वारणाकाठ, सापळ्याचं फार उपयोगी सांगितलंत, आम्ही आंब्याचाच दोडक्यावर लावत होतो!! आप्पानं लगेच लिहून घेतलं.

साप आहेत. घोणस दोनदा निघाली, नाग एकदा गोठ्यात. नियम कडक आहेत, अंधार पडल्यावर बॅटरी आणि गमबूट असल्याशिवाय परड्यात पाय नाही, पाचटाच्या नाहीतर लाकडाच्या ढिगात हात घालायचा नाही, आधी काठीनं हलवायचं. नाग, घोणस, मण्यार आणि फुरसं ह्या चौघांची चित्रं गोठ्याच्या दाराला आहेत, पाच वर्षांची पण ओळखते. साप चावला तर बांधायचं नाही, कापायचं नाही, पाय न हलवता सरळ दवाखाना, हे सगळ्यांना पाठ आहे. सर्पमित्राचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात.

परडं_कोल्हापूर:

मी थोरली. आईच्या आयडीवरून लिहितेय. आई म्हणाली तुझं तू लिही, मी बघणार नाही.

दहावी मी एनआयओएसमधून दिली, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय. चौदा वर्षं पूर्ण पाहिजेत. कमीत कमी पाच विषय घ्यायचे, परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. सगळे विषय एकदम द्यायला लागत नाहीत, नोंदणी पाच वर्षं चालते आणि त्यात नऊ संधी असतात. मी आधी तीन दिले, गणित आणि विज्ञान नंतर दिले. गृहपाठासारखे टीएमए असतात त्याचे २० टक्के मार्क धरतात, ते शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका, मी ठेवले होते आणि फार त्रास झाला. दुसरा रस्ता म्हणजे आपल्या राज्य बोर्डाचा १७ नंबर फॉर्म, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसायचा, त्याला आधीच्या शाळेचा दाखला लागतो म्हणून जुळ्यांना तो अवघड जाईल असं आई म्हणते.

मला शाळेची आठवण येते का असं सगळे विचारतात. येते. गॅदरिंगची येते, आणि डबा खाताना आम्ही पाचजणी गोल करून बसायचो त्याची. त्यातल्या दोघी अजून मैत्रिणी आहेत, तिघी नाहीत. अकरावीच्या पोरींच्यात मी गेले की त्या ज्या सरांच्या गोष्टी सांगून हसतात त्या मला कळत नाहीत, तेव्हा वाईट वाटतं. इंग्रजी बोलायला पण मी अडखळते. पण मला सकाळी भीती वाटत नाही. दादाला उलट्या होताना मी बघितलंय, आम्ही एकाच रिक्षातनं जायचो.

मला शेतकी कॉलेजला जायचंय, इथलं कोल्हापूरचं राहुरी विद्यापीठाचं आहे ते. त्यासाठी बारावीला सायन्स आणि सीईटी. प्रॅक्टिकलसाठी मी आता क्लास लावलाय, घरी परीक्षानळ्या घेऊन सगळं होत नाही. पहिल्या दिवशी क्लासमध्ये चाळीस जण बघून घाम फुटला होता, आता दोन महिने झाले, बरं चाललंय.

रंकाळ्याचा_वारा:

बाळा किती नीट लिहिलंस.

खडू_फळा:

थोरली, १७ नंबरला अडचण आलीच तर राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाची पाचवी आणि आठवीची परीक्षा पण असते, जुळ्यांसाठी आईला ते बघायला सांग. हाताशी कागद राहतो. आणि प्रॅक्टिकलसाठी कधी सूक्ष्मदर्शक लागला तर आमच्या शाळेत दोन आहेत, रविवारी ये, भावंडांना घेऊन ये. माझी पोरं पण येतील.

प्रयाग_काठ:

पुराच्या दिवसांत काय करता? आमच्याकडं २०१९ आणि २०२१ ला घरं पाण्यात होती, मुलांची शाळा, दप्तर, सगळं गेलं.

परडं_कोल्हापूर:

माझं माहेर आंबेवाडी. त्यामुळं मला ते सांगायला नको. दोन्ही वेळा माहेरची माणसं, शेजारी, दोन म्हशी आणि एक कुत्रं आमच्याकडं होतं, २०२१ ला घरात एकवीस माणसं झाली होती. आमचं घर उंचावर आहे म्हणून वाचलो. तेव्हा अभ्यास वगैरे काही झाला नाही. थोरली आणि जाऊ भाकऱ्या थापायच्या, दादा आणि आप्पा दूध-औषध पोचवायला यांच्याबरोबर. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी दर दोन तासांनी फोनवर यायची, ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, आणि आकडा वर सरकला की माझी आई जेवण सोडून उठायची. तेव्हापासून दादा दर पावसाळ्यात पातळी, राधानगरी धरणाचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले आणि आपल्या बाटलीतला पाऊस असं तिन्ही शेजारी शेजारी लिहितो. दरवाजे सात आहेत. पाणी सोडल्यापासून इथं पातळी वाढायला किती वेळ लागतो ते त्याला स्वतःच्या वहीतनं काढायचंय, म्हणजे आज्जीला वेळेत आणता येईल. हे त्याचं त्यानंच ठरवलं.

उंबराखाली:

बहिणीला सगळा धागा पाठवला. ती विचारतेय की उन्हाळ्यात-हिवाळ्यात पण असंच असतं का, की मुलं कंटाळतात?

परडं_कोल्हापूर:

कंटाळतात की. एप्रिल-मे मध्ये तर कुणाचं कुणाशी पटत नाही, पाणी कमी, ऊन, सगळी चिडचिड. तेव्हा सतरंजी सकाळी सातला घालतो आणि दहाला उचलतो. हिवाळा मात्र सोन्यासारखा. शेजारच्यांचं गुऱ्हाळ दिवाळीनंतर पेटतं, मग आप्पा तिथंच असतो. चुलवाणात चिपाड घालणं, काहिलीतल्या रसाला भेंडीचं पाणी घातलं की मळी कशी वर येते, ती काढायची, आणि मग गुळवे दोन बोटांत पाक धरून बघतात आणि म्हणतात उतरवा. तेवढ्यावर सगळं आहे, क्षणभर उशीर झाला तर रंग गेला. आप्पानं एकदा थर्मामीटर नेला होता, गुळव्यांनी कौतुकानं बघितला आणि रोज वापरू दिला, महिन्याभरात आप्पाच्या वहीत आकडा बसला आणि गुळवे त्या आकड्याच्या आसपासच हात वर करतात हे कळल्यावर त्या पोरानं थर्मामीटर ठेवला आणि म्हणाला आता मला बोटांनी शिकवा.

बेंदराला मातीचे बैल सगळ्यांनी मिळून केले, शेंडेफळाच्या बैलाला सहा पाय आहेत, तिनं मुद्दाम केलेत, जोरात पळावा म्हणून.

रंकाळ्याचा_वारा:

आज पहिली तारीख ना? डब्याचं काय झालं?

परडं_कोल्हापूर:

हो, आजच. मामांना गेले पंधरा दिवस ताप आणि खोकला होता, आता उतरलाय पण आवाज बसलेला आहे. तरी आंघोळ करून, टोपी घालून सोप्यात बसले. थोरलीचा क्लास चांगला चाललाय. दादानं पातळीची वही दाखवली. आप्पाचा भागाकार पक्का झाला. शेंडेफळाला अक्षरं येतात, वीस मणी मोजता येतात. जुळ्यांना मामांनी निबंध लिहायला दिला होता गेल्या पहिल्याला, दर आठवड्याला एक, तो तपासून परत लिहून घ्यायचा असं ठरलं होतं. त्यांनी दोन लिहिले, पुढचे दोन नाहीत. का नाही लिहिले विचारल्यावर धाकटी म्हणाली, आजोबा, तुम्ही आधीचेच तपासले नाहीत.

मी पर्समधनं रुपया काढला तर मामांनी हातानं थांबवलं. कोपरीच्या खिशातनं स्वतःचा रुपया काढला, बसलेल्या आवाजात म्हणाले, हे माझ्याकडं होतं काम, आणि डब्यात टाकला. मग दोघींना जवळ बसवून तांबडं पेन मागितलं.

डब्यात आता बत्तीस आहेत.

उंबराखाली, बहिणीचा पत्ता व्यनि करा, पडवळाचं आणि देशी दोडक्याचं बी पाठवते, अजून लावायला वेळ आहे. वारणाकाठ, क्यू-ल्युर मिळाला, काल लावला, पहिल्याच दिवसात चौदा माश्या.